किंमत दिसते, भाव दिसत नाही

लग्न होऊन मी कुर्डुवाडीत आले तेव्हा सासूबाईंनी किराण्याची वही माझ्या हाती दिली. तीत तीन रकाने होते: जिन्नस, वजन, भाव. पैसे किती झाले ते पानाच्या तळाला एकदाच. मामंजी रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होते, बार्शीला जाणाऱ्या अडीच फुटी नॅरोगेजचे डबे दुरुस्त करायचे. त्यामुळे मापाच्या बाबतीत घर फार कडक. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मुलीने पुण्याहून बसल्या बसल्या माझ्या फोनवर किराण्याचं ॲप घ्यायला शिकवलं. तेव्हापासून निम्मं सामान कुरिअरने येतं. वही मात्र मी सोडलेली नाही, आणि या काही वर्षांत जे शिकले ते त्या वहीमुळेच.

१. आधी भाव, मग किंमत.

दुकानात आपण ‘तूरडाळ काय भाव?’ असं विचारतो, ‘पाकीट केवढ्याला?’ असं नाही. ॲपवर नेमकं उलटं होतं. किंमत ठळक, वजन बारीक अक्षरात आणि भाव बहुतेकदा नाहीच. एकदा मी गोडेतेलाच्या चार पिशव्या मागवल्या. पिशवी १५२ रुपयांची. आमच्या दुकानात लिटरची पिशवी १६० ला होती, म्हणजे आठ रुपये वाचले असं वाटलं. सामान आल्यावर वहीत वजन लिहायला पिशवी उलटी केली तर ८५० ग्रॅम. लिटरभर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. हिशेब मांडला: ॲपवरचं तेल किलोला १७९ रुपये पडलं, दुकानातलं १७६. दोन्ही पिशव्या शेजारी ठेवल्या तर फरक डोळ्यांना कळत नव्हता.

हे बेकायदा नाही, आणि म्हणूनच समजून घ्यायला हवं. पूर्वी तेल, चहा, बिस्किटं, धुण्याची पावडर अशा एकोणीस प्रकारच्या वस्तू ठरावीक मापाच्या पाकिटांतच विकायचं बंधन होतं. वेष्टित वस्तूंचे २०११ चे नियम २०२१ मध्ये दुरुस्त झाले आणि ते बंधन गेलं. कंपनीने ८५० ग्रॅम भरावं, नाहीतर ७८०, तिची मर्जी. त्या मोकळिकीच्या बदल्यात ग्राहकाला एक गोष्ट मिळाली: पाकिटावर एककाचा भाव, म्हणजे ग्रॅमला, किलोला, मिलिलिटरला किंवा लिटरला किती, हे छापणं बंधनकारक झालं. सासूबाईंचा तिसरा रकानाच तो. मला हा नियम फार मोलाचा वाटतो. माप मोकळं सोडल्यावर आपल्या हातात उरलेली पट्टी हीच एक.

२. ग्रॅमचा भाव दिसला की हजाराने गुणा, आणि तरी थोडा संशय ठेवा.

किलोहून कमी वजनाच्या पाकिटावर भाव ग्रॅमला लिहितात, किलो आणि त्याहून जास्त असेल तर किलोला. त्यामुळे अर्धा किलोच्या पाकिटावर ०.१८ आणि दोन किलोच्या पाकिटावर १७६ असं दिसतं. घाईत कोण ताडून पाहणार? शिवाय दशांशानंतर दोनच आकडे घेतात. किलोला १७५ चा माल असो की १८४ चा, ग्रॅमला दोन्ही ०.१८ च. नऊ रुपयांचा फरक त्या दोन आकड्यांत बुडतो. माझं मत स्पष्ट आहे: पाकीट पन्नास ग्रॅमचं असलं तरी भाव किलोलाच छापला पाहिजे. आपल्याकडे कुणी ग्रॅमने डाळ विचारत नाही.

३. छापलेला भाव एमआरपीवर काढलेला असतो.

ॲपवर सूट मिळाली की तो भाव उपयोगाचा राहत नाही, नव्याने भागाकार करावा लागतो. ‘चाळीस टक्के सूट’ कशावरची, तर कंपनीनेच ठरवलेल्या कमाल किमतीवरची. मी सूट वाचतच नाही.

४. यादी करताना दिसलेला आकडा आणि पैसे भरतानाचा आकडा, दोन्ही लिहून ठेवा.

मागच्या वर्षी ६१२ रुपयांच्या यादीचे पैसे भरताना ६५९ झाले. हाताळणी शुल्क म्हणून २० रुपये, पॅकिंगचे १७ आणि देणगीचे १०. देणगीच्या चौकटीत बरोबरची खूण आधीच केलेली होती. दहा रुपये द्यायला माझी ना नाही, पण माझ्या वतीने दुसऱ्याने हो म्हणावं हे मला सहन झालं नाही. मुलीने दोन्ही पडद्यांचे फोटो काढून ठेवायला लावले. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. तिथे मराठीत बोलता येतं. काही दिवसांनी देणगीचे आणि हाताळणीचे पैसे परत आले.

ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांत हे आहेच: एकूण किंमत एका आकड्यात दाखवायची, तिची फोड द्यायची आणि ग्राहकाच्या संमतीची खूण आधीच करून ठेवायची नाही. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्राने ‘डार्क पॅटर्न’विरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत अशा तेरा युक्त्या नावानिशी दिल्या आहेत. टोपलीत न मागितलेली वस्तू सरकवणं हा एक प्रकार, आणि खरी किंमत शेवटपर्यंत थेंबाथेंबाने उघड करणं हा दुसरा. माझ्या एकाच बिलात दोन्ही होते. फोटो नसते तर फोनवर मी काय सांगितलं असतं?

५. एकच वस्तू दोन फोनवर बघा.

मी इथे आणि मुलगी हडपसरला, फोनवर बोलत बोलत एकच चहा शोधला. किंमत वेगळी आली. गोदाम वेगळं, वाहतूक वेगळी, हे मान्य. पण माझ्या जुन्या खरेदीवरून किंमत ठरली असेल तर ते मला कळायला हवं. न्यूयॉर्क राज्यात नोव्हेंबर २०२५ पासून तसा कायदा लागू झाला आहे: ग्राहकाची वैयक्तिक माहिती वापरून संगणकाने किंमत काढली असेल, तर तसं किमतीजवळच लिहावं लागतं. आपल्या २०२० च्या नियमांत एकाच वर्गातल्या ग्राहकांत भेदभाव करायला मनाई आहे, पण किंमत कशी ठरली हे सांगायची सक्ती नाही. ती यायला हवी.

६. दुकानदाराचा काटाही बघा.

कायदा फक्त ॲपला नाही. वजनकाट्याची पडताळणी मुदतीत झालेली असली पाहिजे आणि तिचं प्रमाणपत्र दुकानात दिसेल असं लावलेलं असलं पाहिजे. आमच्या दुकानदाराला मी ते विचारलं तेव्हा तो आधी रुसला, मग कॅलेंडरमागून काढून समोर लावलं. त्याच्याकडे सुटी डाळ आपल्यासमोर काट्यावर चढते, भाव तोंडी विचारता येतो, हे मला अजून फार मोठं वाटतं.

आमच्या शेजारच्या काकूंना बारीक अक्षर दिसत नाही. सून पुण्याहून सामान पाठवते ते घेऊन त्या संध्याकाळी येतात, पिशव्या ओट्यावर मांडतात आणि विचारतात, “बघ गं, काय भाव पडलं?” मी चष्मा लावते, वही उघडते. गेल्या दिवाळीपासून मी तीत चौथा रकाना आखलाय, घरपोच पडलेल्या भावाचा. काकूंच्या सामानासाठी आता वेगळं पान लागतं.