किंमत आणि मोल

वस्तूची किंमत दुकानदार सांगतो. तिचे मोल मात्र घेणाऱ्याला स्वतः ठरवावे लागते. किंमत एका आकड्यात मावते. मोल ठरवावयास विवेक लागतो. नागपूर जिल्ह्यातील काटोल येथे एका संत्रा-बागायतदाराच्या घरी हा भेद जाणून घेण्याचा प्रसंग आला.

आंबिया बहाराची संत्री नुकतीच विकली गेली होती. घरात चार पैसे आले होते. आठवीत शिकणारा मुलगा वडिलांना म्हणाला, "बाबा, मला प्लेस्टेशन घेऊन द्या, आणि घ्यायचेच तर सर्वांत भारी घ्या!" त्याच पैशातून थोरल्या बहिणीची नागपुरातील महाविद्यालयाची फी भरावयाची होती व बागेतील ठिबकाच्या जुन्या नळ्याही बदलावयाच्या होत्या. वडील रागावले नाहीत; पण त्यांनी लगेच होकारही दिला नाही.

त्यांनी विचारले, "आपण नवी बाग लावतो, तेव्हा आधी काय आणतो?"

"कलमे."

"मग कलमांच्या पैशात बाग उभी राहते का?"

मुलगा विचारात पडला. जंभेरीच्या खुंटावर डोळा भरून केलेल्या कलमाला फारसे पैसे पडत नाहीत. परंतु पुढे पाणी, खत, कुंपण, राखण हे सारे लागते आणि फळासाठी चार-पाच वर्षे वाट पाहावी लागते. कलमाची किंमत हा बागेच्या खर्चाचा केवळ आरंभ होय.

"तुझ्या यंत्राचाही असाच हिशेब मांड," वडील म्हणाले.

मुलगा वही घेऊन बसला. ताईही त्याच्या मदतीस आली. प्लेस्टेशन ५ हे यंत्र भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० रुपयांस विक्रीस आले. नोव्हेंबर २०२२ मध्ये तेच ५४,९९० रुपयांचे झाले. थोडे थांबले म्हणजे यंत्र स्वस्त होतेच, असे नाही, ही पहिली गोष्ट त्यांच्या ध्यानी आली. यंत्राबरोबर कंट्रोलर एकच येतो. "दुसऱ्या कंट्रोलरचा खर्च आधी लिही, नाहीतर मी काय नुसती बघत बसू?" ताई म्हणाली. मोठा नवा खेळ घ्यावयाचा तर त्याला सुमारे ५,००० रुपये पडत. इंटरनेटवरून मित्रांशी खेळावयाचे, तर बहुतेक खेळांसाठी निराळी वर्गणी भरावी लागे. विजेचा खर्च मात्र अल्प निघाला. यंत्राला सुमारे २०० वॅट वीज लागते, असे धरले तर पाच तास खेळल्यावर एक युनिट जळते.

मग 'सर्वांत भारी' यंत्राचा विचार निघाला. प्लेस्टेशन ५ प्रो हे अधिक शक्तिशाली यंत्र ७ नोव्हेंबर २०२४ रोजी आले. अमेरिकेत त्याची किंमत त्या वेळी सुमारे ७०० डॉलर होती आणि डिस्क चालविण्याचा भाग निराळा विकत घ्यावा लागे. भारतात ते त्या वेळी अधिकृतपणे विक्रीस आलेच नाही. बाहेरून आणलेले यंत्र बिघडले, तर त्याची हमी कोणाकडे मागावयाची? शिवाय अशा यंत्राची बरीचशी शक्ती सूक्ष्म व रेखीव चित्र दाखविण्यात खर्च होते. ४के पडद्यावर ३,८४० गुणिले २,१६०, म्हणजे सुमारे ८३ लक्ष ठिपके असतात. ह्या घरातील टीव्ही फुल एचडी होता. त्यावर त्याच्या एक-चतुर्थांश, म्हणजे सुमारे २१ लक्ष ठिपके होते. पाटाला पाणी कितीही सोडले, तरी शेवटच्या वाफ्यात मावेल तेवढेच मावते!

आणखी एक गोष्ट होती. ५ ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात हे यंत्र वापरावे, असे त्याच्या पुस्तिकेत सांगितले आहे. काटोलकडे मे महिन्यात दुपारी पारा चाळीस अंशांच्या वर जातो. आणि उन्हाळ्याची सुटी तर नेमकी तेव्हाच असते.

घरी टीव्हीला जोडून खेळण्याचे पहिले यंत्र, मॅग्नावॉक्स ओडिसी, १९७२ साली अमेरिकेत विक्रीस आले. राल्फ बेअर ह्या अभियंत्याच्या कल्पनेतून ते साकारले होते. त्याच्या पडद्यावर प्रकाशाचे मोजके ठिपके तेवढे हलत. गुण खेळणाऱ्यांना स्वतःच मांडावे लागत. तरीही लोक त्यात रमले. खेळाचा आनंद ठिपक्यांच्या संख्येवर अवलंबून नसतो, हेच ह्यावरून दिसून येते.

शेवटी मुलाने बेरीज केली. यंत्र व तीन खेळ मिळून सुमारे ७०,००० रुपये होत होते. पाच वर्षांत हजार तास खेळले, तर तासाला ७० रुपये. सहा महिन्यांत कंटाळून शंभर तासांवरच सोडले, तर तासाला ७०० रुपये! तो उत्साहाने म्हणाला, "म्हणजे जितके अधिक खेळू, तितके ते स्वस्त!"

"आणि ते तास? ते काय फुकट मिळतात?" ताईने विचारले.

मुलगा निरुत्तर झाला. पैसा पुढच्या बहारात पुन्हा येतो. गेलेला तास येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या वर्गीकरणात खेळावरील ताबा सुटण्याच्या विकाराची नोंद आहे. ते वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून अमलात आले. मात्र ह्याचा अर्थ खेळणारा प्रत्येक जण रोगी असतो, असा नव्हे. बेताने खेळलेला खेळ मनाला विसावा देतो. म्हणूनच यंत्र घेण्यापूर्वी खर्चाबरोबर वेळेचीही मर्यादा ठरवावी लागते.

दुसऱ्या दिवशी मुलाने वही वडिलांपुढे ठेवली. शेवटी त्याने लिहिले होते : 'सर्वांत भारी यंत्र नको. आधी ताईची फी भरावी आणि ठिबकाच्या नळ्या बदलाव्यात. पुढच्या आंबिया बहारापर्यंत माझी इच्छा अशीच टिकली, तर डिस्क चालणारे साधे यंत्र घ्यावे. म्हणजे जुने खेळ कमी पैशात घेता येतील व मित्रांशी बदलता येतील. दुसरा कंट्रोलर ताईसाठी.'

वडिलांनी वही वाचली आणि ती बागेच्या हिशेबाच्या वह्यांशेजारी फळीवर ठेवून दिली.

स्वाध्याय

१. वडिलांनी कलमाचे उदाहरण कशासाठी दिले?
२. 'जितके अधिक खेळू, तितके ते स्वस्त' ह्या विचारातील दोष सांगा.
३. एक वर्ष थांबल्याने यंत्र स्वस्त होईलच असे नाही. मग थांबण्यात मुलाचा कोणता लाभ आहे?
४. तुम्हांला हव्या असलेल्या एखाद्या वस्तूचा असा हिशेब मांडा व आपला निर्णय दहा ओळींत लिहा.