कीटकभक्षी वनस्पतींना खत का चालत नाही?

कुंडीतले रोप मलूल दिसू लागले की आपण त्याला मूठभर शेणखत घालतो. पण ते रोप दवबिंदूचे असेल तर हे खत त्याचा जीव घेईल. शेणखत तर नैसर्गिक. मग असे का व्हावे?

साताऱ्याजवळील कास पठारावर जांभ्या खडकावर मातीचा पातळ थर असतो. मुसळधार पाऊस त्यातील नायट्रोजनाची विद्राव्य संयुगे धुऊन नेतो. अशा निकस जागी दवबिंदू वाढतो. त्याच्या पानांवरील केसांना चिकट थेंब असतात. त्यांत चिलटे अडकतात. चार्ल्स डार्विन यांनी १८७५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आपले प्रयोग दिले आहेत. पानावर दूध ठेवले की केस आत वाकत. साखरेचे पाणी ठेवले तर वाकत नसत. दुधात नायट्रोजन असतो, साखरेत नसतो. म्हणजे या वनस्पतीचे ‘खत’ पानांवाटे येते.

मुळांना सवय असते ती जवळजवळ शुद्ध पाण्याची. खतामुळे मातीतील पाण्यात क्षार वाढले की परासरणाच्या नियमानुसार मुळांना पाणी शोषणे जड जाते.

विहिरीच्या पाण्यानेही हेच घडते. समजा, त्यात लिटरला ३०० मिलिग्रॅम क्षार आहेत आणि कुंडीला रोज २०० मिलिलिटर पाणी लागते. पाण्याची वाफ होते, क्षार मागे उरतात. रोज ६० मिलिग्रॅम, म्हणजे १०० दिवसांत ६ ग्रॅम, चांगला चमचाभर!

एक प्रयोग करा. स्वच्छ काचपट्टीवर पावसाच्या व विहिरीच्या पाण्याचा एकेक थेंब ठेवून वाळू द्या. पांढरा डाग कोणता थेंब ठेवतो ते पाहा.

मग कुंडीत काय भरावे? दलदलीत साचलेल्या शेवाळाचा पीट आणि धुतलेली गारगोटीची वाळू समभाग घ्यावी. नारळाचा भुसा वापरायचा तर पावसाच्या पाण्यात अनेकदा भिजवून पिळावा, कारण त्यातही क्षार असतात. समुद्रावरची वाळू नको. तिच्यात मीठ आणि शिंपल्यांचा चुना असतो. कुंडी पावसाचे पाणी भरलेल्या ताटलीत, उन्हात ठेवावी. चिलटे आपणहून येतील.

रोपे मात्र पठारावरून उपटून आणू नका, रोपवाटिकेतून घ्या. आणि लक्षात ठेवा: पठारावरची माती सुपीक झाली तर तेथे गवत माजेल आणि इवलासा दवबिंदू त्याच्या सावलीत नाहीसा होईल. निकस माती हाच त्याचा आसरा आहे.