गॅरेजच्या रिमोटांतील सेल



व्होल्टाच्या राशीचा धडा आपण सर्वांनीं वाचला आहे. जस्त व रुपें यांच्या चकत्या, त्यांच्यामध्यें मिठाच्या पाण्यांत भिजविलेला पुठ्ठा, अशी ती रास इटलींतील व्होल्टानें १८०० सालीं जगापुढें मांडली. परीक्षेंत तिची आकृति काढून गुण मिळवावे आणि उन्हाळ्याच्या सुटींत तिला विसरून जावें, अशी आपली रीत. शिकविणारे आम्हीही यास अपवाद नव्हतों. परंतु गेल्या हिवाळ्यांत त्या राशीच्या एका इवल्याशा वंशजानें आमचीच परीक्षा घेतली. तींत आम्हांस गुण फारसे पडले नाहींत. ती हकीकत येथें देत आहों.

आमचा भाचा अमेरिकेंतील न्यूजर्सी राज्यांत एडिसन नांवाच्या गांवीं राहतो. (हें नांव थॉमस एडिसन याचेंच, मेन्लो पार्क येथील त्याची प्रसिद्ध प्रयोगशाळा याच गांवाच्या हद्दींत होती.) तिकडे पुष्कळ घरांस लागूनच मोटार ठेवण्याची खोली असते, तिला गॅरेज म्हणतात. तिचें दार आपल्या दारासारखें बिजागरीवर फिरत नाहीं. तें आडव्या फळ्यांचें असून दोन्ही बाजूंच्या रुळांवरून वर सरकतें व छताखालीं आडवें होऊन निजतें. असें वर चढणारें दार सी. जी. जॉन्सन या गृहस्थानें १९२१ सालीं तयार केलें, आणि १९२६ सालीं त्यास विजेचें यंत्र जोडलें. आतां तर मोटारींत बसूनच रिमोटाचें बटण दाबावें कीं दार आपोआप वर जातें. बाहेर बर्फ पडत असतां खालीं उतरावें लागत नाहीं हें केवढें सुख, तें जानेवारींत तेथें राहिल्यावांचून कळावयाचें नाहीं.

एके दिवशीं सकाळीं हा रिमोट चालेना. भाचा कामावर गेला होता. सूनबाई वरच्या मजल्यावर बसून आपलें कचेरीचें काम करीत होती, आणि त्यांची दोन वर्षांची कन्या खालीं आमच्यापाशीं खेळत होती. विज्ञानशिक्षक घरांत असतां कारागीर कशाला बोलवावा, असा अभिमान धरून आम्हीं तें काम अंगावर घेतलें.

प्रथम दोष कोठें आहे तें पाहिलें पाहिजे. गॅरेजच्या भिंतीवर एक बटण असतें. तें दाबून दार हललें, तर यंत्र ठीक असून दोष रिमोटाकडे आहे असें समजावें. भिंतीवरील पेटींत रिमोट बंद ठेवण्याची कळ असते, ती चुकून कोणी दाबली आहे कीं काय तेंही पाहावें. दार रिमोटानें वर जातें पण खालीं येत नाहीं, असें असेल तर सेलास बोल लावूं नये. दाराच्या दोन्ही बाजूंस जमिनीपासून वीतभर अंतराच्या आंत एक एक 'डोळा' बसविलेला असतो. त्यांच्यामधील अदृश्य किरण अडला तर दार मिटत नाहीं. दाराखालीं मुलें चिरडूं नयेत म्हणून १९९३ पासून तेथें बनणाऱ्या घरगुती यंत्रांस ही योजना सक्तीची आहे. त्या डोळ्यापुढें एखादी केरसुणी पडली असली तरी माणूस उगाच सेल बदलीत बसतो.

आमच्या रिमोटाची गोष्ट जरा मौजेची होती. रात्रभर बाहेर उभ्या असलेल्या मोटारींत तो मेल्यासारखा होता. स्वयंपाकघरांत आणून ठेविल्यावर अर्ध्या घटकेनें त्याचा दिवा मंद पेटूं लागला. थंडीनें सेलांतील रासायनिक क्रिया मंदावते व त्याचा अंतर्गत विरोध वाढतो. ताजा सेल हें सहन करितो, म्हातारा करीत नाहीं. रिमोट दुरून चालेनासा होणें व मोटार दाराजवळ आणल्यावरच चालणें, हेंही सेलाच्या म्हातारपणाचें लक्षण होय.

रिमोटाच्या कडेस एक फट होती. तींत पातळ नाणें घालून किंचित् पिळतांच दोन्ही शिंपा विलग झाल्या. आंत रुपेरी बटणासारखा सेल होता व त्यावर 'सीआर २०३२' असें कोरलेलें होतें. हा आंकडा पाठ करण्याचा नसून वाचण्याचा आहे. पहिलें अक्षर सेलाचें रसायन सांगतें, म्हणजे एका बाजूस लिथियम धातु व दुसऱ्या बाजूस मँगनीज डायऑक्साइड. दुसरें अक्षर तो गोल असल्याचें सांगतें. २० हा मिलिमीटरांत व्यास, आणि ३२ म्हणजे जाडी ३·२ मिलिमीटर. याचा दाब ३ व्होल्ट. २०२५ अंकाचा सेल तितकाच रुंद, परंतु २·५ मिलिमीटरच जाड. तो या खोबणींत सैल बसतो व कधीं चालतो, कधीं चालत नाहीं. हुशार विद्यार्थ्यांस आणखी एक युक्ति सुचेल: २०१६ अंकाचे दोन सेल एकावर एक ठेविले तर जाडी बरोबर ३·२ होते! जाडी होते, पण दाबही ६ व्होल्ट होतो. त्या दाबाचा जो रिमोट नाहीं त्यांत असें करणें म्हणजे तो जाळण्याची तयारी करणें होय.

कांहीं रिमोटांत असा चपटा सेल नसून बोटाच्या पेराएवढी '२३ए' नांवाची १२ व्होल्टांची नळी असते. तिच्या आवरणाखालीं दीड दीड व्होल्टाचे आठ बटण-सेल एकावर एक रचलेले असतात. हीच व्होल्टाची रास! सवादोनशें वर्षांनंतर ती एका रिमोटांत शिरून बसली आहे.

नवा सेल कोरड्या फडक्यानें पुसून, ज्या बाजूवर अंक कोरलेले असतात ती धन बाजू खोबणींतील धनचिन्हाप्रमाणें ठेवून बसवावा. धातूच्या चिमट्यानें धरूं नये. दोन्ही बाजू जोडल्या जाऊन सेल फुकट खर्ची पडतो. हल्लीं कांहीं सेलांवर कडू लेप दिलेला असतो. क्वचित् तो लेप रिमोटाच्या पत्तीखालीं आल्यामुळें नवा सेलही चालत नाहीं. अशा वेळीं सेल थोडा फिरवून पाहावा. रिमोटाची सांकेतिक खूण सेल काढल्यावर पुसली जाईल अशी भीति पुष्कळांस वाटते. परंतु ती विजेवांचून टिकणाऱ्या स्मृतींत असते, म्हणून बहुधा नव्यानें जोडणी करावी लागत नाहीं.

आम्हीं बटण दाबलें. दार डौलानें वर गेलें, खालीं आलें. आम्ही पुन्हां एकदां तें वर नेलें. सूनबाई खालीं आली तेव्हां शाबासकी मिळेल अशी आमची अपेक्षा होती. तिनें एकच प्रश्न विचारला : "मामा, जुना सेल कोठें ठेवलात?"

आम्हीं मेजाकडे पाहिलें. जेथें तो ठेविला होता तेथें नव्हता. खुर्चीखालीं नव्हता, बशीखालीं नव्हता, आमच्या खिशांत नव्हता. पोर खालीं बसून आमच्याकडे पाहून हंसत होती. सूनबाईनें तिची एक मूठ उघडली, ती रिकामी निघाली. दुसरी मूठ उघडली, तींत तो सेल होता. ती थोडा वेळ कांहीं बोलली नाहीं. आम्हांसही शब्द सुचला नाहीं. तीस वर्षें आम्ही विद्युत् शिकत व शिकवीत आहों, आणि ती चकती मेजाच्या कडेस आम्हींच ठेविली होती.

रिमोटासाठीं मेलेला सेल मुलासाठीं मेलेला नसतो, ही गोष्ट आम्ही त्या दिवशीं शिकलों. मिठाच्या पाण्यांतून प्रवाह सोडून त्यांत फिनॉल्फ्थॅलीनचे थेंब टाकले म्हणजे ऋणाग्राभोवतीं गुलाबी रंग पसरतो, हा प्रयोग नववीच्या वर्गानें केला आहे. तो रंग तेथें क्षार उत्पन्न झाल्याची खूण. वीस मिलिमीटरांची चकती लहान मुलाच्या अन्ननलिकेंत अडकली, कीं हाच प्रयोग तेथील ओल्या मांसावर सुरू होतो. सेल फुटावा लागत नाहीं, त्यांतील द्रव्य बाहेर यावें लागत नाहीं. उरलेला थोडासा दाबही पुरतो. दोन तासांच्या आंत गंभीर इजा होऊं शकते. नाकांत किंवा कानांत घातलेला सेलही असाच जाळतो. मूल खोकेल, लाळ गाळील, जेवण नाकारील. कधीं कधीं कांहींच लक्षण दिसणार नाहीं.

अमेरिकेंत १६ ऑगस्ट २०२२ रोजीं यासाठीं कायदा झाला. त्यास 'रीजचा कायदा' म्हणतात. रीज ही टेक्सासमधील दीड वर्षाची मुलगी रिमोटांतील असाच सेल गिळल्यामुळें डिसेंबर २०२० मध्यें मरण पावली. आतां सेलाचें झांकण हत्याराशिवाय, अथवा दोन वेगळ्या क्रिया एकदम केल्याशिवाय उघडूं नये, असा तेथें नियम आहे. घरोघरचे जुने रिमोट मात्र नखानेंही उघडतात.

असा सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी ओकारी काढवूं नये, केळें किंवा भात भरवूं नये, वाट पाहूं नये. १०८ वर दूरध्वनि करावा, किंवा मिळेल त्या वाहनानें ज्या रुग्णालयांत क्ष-किरण यंत्र आहे तेथें लागलीच जावें व सेलाचा अंक सांगावा. मूल एक वर्षाहून मोठें असून तें गिळूं शकत असेल, व सेल पोटांत जाऊन बारा तास झाले नसतील, तर वाटेंत दर दहा मिनिटांनीं दोन चमचे मध द्यावा, फार तर सहा वेळां, असें वॉशिंग्टन येथील विषबाधा-केंद्र सांगतें. मधानें जळणें मंदावतें, थांबत नाहीं. त्यापायीं निघण्यास उशीर करूं नये. एक वर्षाच्या आंतील बालकास मध मुळींच देऊं नये.

परत आल्यावर आम्हीं आपल्याच घरांत शोध केला. वजनकांटा, मोटारीची किल्ली, भिंतीवरील छोटें घड्याळ, गाणारें शुभेच्छापत्र, धाकट्याचें दिवे लागणारें खेळणें, अशा पांच वस्तूंत बटण-सेल निघाले. आपापल्या घरीं विद्यार्थ्यांनीं असाच शोध करावा. काढलेल्या सेलाच्या दोन्ही बाजूंस प्रथम चिकटपट्टी लावावी, आणि मग नव्यास हात घालावा. वापरलेले सेल परत घेण्याची व्यवस्था करणें भारतांत २०२२ च्या नियमांनीं उत्पादकांवर बंधनकारक केलें आहे. आपल्या प्रयोगशाळेंत वरच्या फळीवर घट्ट झांकणाची एक बरणी ठेविली आहे. चिकटपट्टी लावलेले सेल तींत टाकण्यासाठीं शनिवारीं दुपारच्या सुटींत आणावे. धाकट्या भावंडांच्या हातीं मात्र पाठवूं नयेत.