गायब माणसाची गोष्ट

मुलांनो, तुमच्यापैकी काहींनी घरी दादीकडून किंवा नानीकडून अमीर हमजाची दास्तान ऐकली असेल. त्या दास्तानीतल्या अमर अय्यारजवळ एक गलीम, म्हणजे घोंगडी असते. ती पांघरली की तो कोणालाच दिसत नाही! अशी घोंगडी आपल्याला मिळाली तर काय गंमत येईल, असे तुम्हालाही वाटले असेल, नाही का?

हीच कल्पना घेऊन मुंबईत एक हिंदी चित्रपट तयार झाला. घोंगडीच्या जागी मनगटावर बांधायचे यंत्र आले. तो चित्रपट म्हणजे १९८७ साली आलेला 'मिस्टर इंडिया'. दिग्दर्शक शेखर कपूर, लेखक सलीम-जावेद. त्या काळाच्या मानाने त्यावर फार मोठा खर्च झाला होता. तुम्ही तो टीव्हीवर किंवा मोबाइलवर पाहिला असेल. आज आपण त्याचे परीक्षण करू. उर्दूत तुम्ही ज्याला 'तब्सिरा' म्हणता, तेच हे. 'पिक्चर मस्त आहे' किंवा 'बेकार आहे' एवढे म्हटल्याने परीक्षण होत नाही. मस्त का आणि बेकार कोठे, ते सांगता आले पाहिजे.

गोष्ट थोडक्यात अशी. अरुण वर्मा हा साधा तरुण आहे. तो एका जुन्या घरात अनाथ मुलांना सांभाळतो. घरात पैसा नाही, दुकानदारांची उधारी वाढलेली. खोली भाड्याने दिली, तर सीमा नावाची बातमीदार राहायला येते आणि तिला मुलांचा गोंगाट मुळीच खपत नाही! अशा वेळी अरुणच्या हाती त्याच्या शास्त्रज्ञ वडिलांनी बनवलेले यंत्र येते. दुसऱ्या बाजूला मोगँबो आहे. एका बेटावर बसून त्याला सारा हिंदुस्थान जिंकायचा आहे.

मला या चित्रपटात सर्वांत मोलाची वाटते ती भूक. जादूच्या चित्रपटात भुकेचे काय काम, असे तुम्ही विचाराल. पण उपाशी मुले आधी पडद्यावर दिसतात, म्हणूनच गायब होण्याला अर्थ येतो. अरुण गायब होऊन खजिना लुटत नाही. धान्यात भेसळ करणाऱ्यांना आणि गुंडांना तो धडा शिकवतो. आपल्या पाटोदा तालुक्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला जातात. काही मुले आजीजवळ मागे राहतात. किराणा उधार आणावा लागतो. अशा घरातल्या मुलाला अरुणचे घर परके वाटणार नाही. राजवाड्यातल्या शहजाद्याची गोष्ट इतकी जवळची वाटली नसती.

दुसरी खुबी म्हणजे जादूचा नियम. अरुण कोणाला दिसत नाही, पण लाल प्रकाशात किंवा लाल काचेतून दिसतो. असा नियम नसता तर नायक कधी सापडलाच नसता आणि आपल्याला भीतीही वाटली नसती. हवेत तरंगणाऱ्या वस्तूंची दृश्ये पीटर परेरा यांनी जमवली. तेव्हा आपल्याकडे असे काम संगणकावर होत नसे. कॅमेऱ्याच्या युक्त्यांवरच सारे निभावावे लागे. तरीही हनुमानाच्या मूर्तीचा मार खाणारा चोर पाहून आजही हसू येते. अमरीश पुरींचा मोगँबोही विसरता येत नाही. त्याचे एक वाक्य तर तुम्हाला पाठच असेल. मी ते येथे लिहीत नाही!

आता दोष पाहू. चित्रपट जवळजवळ तीन तासांचा आहे. काही गाणी चालू असताना गोष्ट जागच्या जागी थांबते. घरात इतकी मुले आहेत, पण दोन-चार सोडली तर कोणाचे नाव आपल्या लक्षात राहत नाही. खर्च दिसतो तो मोगँबोच्या अड्ड्यावर, आणि तेथेच गोष्ट ढिली पडते. ज्या नायकाजवळ एवढे अजब यंत्र, तोही शेवटी साध्या हाणामारीवर येतो! मग यंत्राची नवलाई कोठे गेली?

पुष्कळ पैसा ओतला म्हणजे चित्रपट चालतोच, असे मात्र नाही. १९९१ साली शशी कपूर यांनी सोव्हिएत संघाच्या मदतीने 'अजूबा' काढला. त्यात अमिताभ बच्चन होते, बहारिस्तान नावाचे राज्य होते, जादूही भरपूर होती. लोकांनी मात्र त्याकडे पाठ फिरवली.

एका गोष्टीबद्दल माझे मन अजून ठरत नाही. 'मिस्टर इंडिया'त टीना नावाची लहान मुलगी बाँबस्फोटात मरते. मुलांच्या चित्रपटात असे दृश्य असावे का? माझ्या ओळखीची एक आजी म्हणते, "नको, पोरं रात्री झोपत नाहीत." तिचा नातू म्हणतो, "टीना मेली नसती, तर मोगँबोचा एवढा राग आला नसता." मला नातवाचे म्हणणे पटते. पण त्या दृश्यानंतर थोड्याच वेळात पुन्हा हाणामारी सुरू होते आणि मुलांना रडायलाही सवड मिळत नाही, हे मला खटकते. तुम्ही हा चित्रपट पुन्हा पाहाल, तेव्हा त्या दृश्यानंतर घरातली बाकीची मुले काय करतात, तिकडे नीट लक्ष द्या आणि तुमचे मत वहीत दहा ओळींत लिहा.