अर्मोनितचा कर्करोग आणि वनस्पतींच्या गोळ्या



पुरुषाच्या मूत्राशयाखाली, लघवीच्या नळीभोवती अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते. मराठी पुस्तकांत तिला पुरःस्थ ग्रंथी म्हणतात, आपण प्रोस्टेट म्हणतो आणि हिब्रूत ती ‘अर्मोनित’. ‘अर्मोन’ म्हणजे चेस्टनट, त्यावरून हे नाव. उतारवयात या ग्रंथीचा कर्करोग पुष्कळांना होतो. पण आपल्या पुरुषमंडळींना हे दुखणे बोलून दाखवण्याचा संकोच वाटतो. मग रोफेने दिलेल्या औषधांशेजारी कुणीतरी सुचवलेली वनस्पतींच्या अर्काची बाटली गुपचूप येऊन बसते. ती बाटली काय करते आणि काय करीत नाही, एवढाच आमचा आजचा धडा आहे.

या बाटल्यांवर ‘फ्लेवोनॉइड’ हा शब्द वारंवार दिसतो. पिवळा या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून तो आला. ही वनस्पतींत निसर्गतःच असणारी द्रव्ये होत. कांद्यात क्वेर्सेटिन, सोयाबीनमध्ये जेनिस्टीन, हिरव्या चहात कॅटेचिन, संत्र्याच्या सालीत हेस्पेरिडिन. आपल्या कोकमाचा लाल रंगही याच कुळातला. १९३६ साली हंगेरीचे शास्त्रज्ञ सेंट-ज्यॉर्जी यांनी अशा द्रव्यांना ‘व्हिटॅमिन पी’ असे नाव दिले होते. पण ती न मिळाल्याने अमुक रोग होतो असे सिद्ध झाले नाही, म्हणून ते नाव मागे पडले. हळदीतले कर्क्युमिन आणि टोमॅटोतले लायकोपीनही विक्रेते याच टोपलीत घालतात, परंतु ती फ्लेवोनॉइड नव्हेत.

प्रयोगशाळेत काचेच्या बशीतील कर्करोगाच्या पेशींवर ही द्रव्ये टाकली तर त्यांची वाढ मंदावते, हे खरे. पण माणूस म्हणजे काचेची बशी नव्हे. गोळी पोटात गेली की आतडी आणि यकृत त्या द्रव्याचे रूप बदलून टाकतात आणि रक्तात मूळ द्रव्य फारच थोडे पोचते. म्हणून खरी परीक्षा माणसांवरच होते.

ती झालीही. २००६ साली इटलीत ६० पुरुषांवर प्रयोग झाला. त्यांना कर्करोग नव्हता, पण पुढे होण्याची चिन्हे ग्रंथीत दिसली होती. वर्षभर हिरव्या चहाचा अर्क घेणाऱ्या ३० जणांपैकी एकाला कर्करोग झाला आणि नुसती खोटी गोळी घेणाऱ्या ३० जणांपैकी नऊ जणांना. साहजिकच आशा वाढली. पुढे २०१५ साली अमेरिकेतील ९७ पुरुषांवरील तशाच प्रयोगाचा निकाल आला, तेव्हा दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. सोयाबीनचेही तसेच. शस्त्रक्रिया झालेल्या १७७ पुरुषांना दोन वर्षे रोज सोयाची किंवा दुसरी पूड दिली. २०१३ साली निकाल लागला, त्यात सोया घेणाऱ्यांपैकी २७ टक्क्यांना रोग उलटला, न घेणाऱ्यांपैकी सुमारे २९ टक्क्यांना. हा फरक योगायोगाचाच मानला गेला.

आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवण्याजोगी. अमेरिकेत ‘पीसी-स्पेस’ नावाच्या कॅप्सूल विकल्या जात. आठ वनस्पतींचे मिश्रण, सारे नैसर्गिक, अशी त्यांची ख्याती. त्या घेणाऱ्या कित्येक रोग्यांचा पी.एस.ए.चा आकडा खरोखरच खाली आला. पण तपासणी झाली तेव्हा काही कॅप्सूलमध्ये डाय-एथिल-स्टिलबेस्ट्रॉल हे कृत्रिम स्त्री-संप्रेरक, रक्त पातळ करणारे वॉरफॅरिन आणि इंडोमेथासिन हे वेदनाशामक सापडले. २००२ साली हा माल बाजारातून काढून घेण्यात आला. वनस्पतींच्या नावाखाली माणसे नकळत तीव्र औषधे गिळत होती, आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांना त्याचा पत्ता नव्हता!

भेसळ नसली तरी धोका संपत नाही. हिरव्या चहाच्या अर्कातील मुख्य कॅटेचिन गोळ्यांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक घेतले तर यकृताला इजा होऊ शकते, असे युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ साली सांगितले. कपभर चहा पिणे वेगळे आणि शेकडो मिलिग्रॅमचा अर्क एकदम गिळणे वेगळे. अश्कोलितच्या रसामुळे कोलेस्टेरॉलच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांचे रक्तातील प्रमाण वाढते, हे तर आपल्यापैकी अनेकांना रोफेने सांगितलेलेच असते. किरणोपचार चालू असताना अशा अर्कांच्या मोठ्या मात्रा घेऊ नयेत, असे बरेच डॉक्टर बजावतात. आणि बाटलीवर हेक्षेर असला तर माल कोशर आहे एवढेच कळते. गुणाची ग्वाही त्यातून मिळत नाही.

सर्वांत मोठा धोका मात्र वेगळाच आहे. २०१८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस व मोठे आतडे यांच्या कर्करोगाचे रोगी होते. पूरक उपाय करणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळले. त्याचे मुख्य कारण असे, की त्यांच्यापैकी अधिक जणांनी शस्त्रक्रिया, किरण किंवा औषधे यांतला काही भाग नाकारला होता. पूरक म्हणजे सोबतीला असणारे. मुख्य उपचाराच्या जागी जे येते त्याला पूरक म्हणता येत नाही.

मग करावे काय? कांदा, पालेभाज्या, फळे, कोकमाचे सार, घरात चालते ते सुखाने खावे. बाटली घेतलीच असेल तर पुढच्या वेळी कुपत-खोलिममध्ये ती पिशवीत घालून न्यावी आणि रोफेपुढे ठेवावी. यात काय आहे, माझ्या औषधांशी हिचे जमते का, शस्त्रक्रियेपूर्वी किती दिवस बंद ठेवावी, हे तीन प्रश्न विचारावेत. हिब्रू अडत असेल तर मुलाला किंवा नातवाला बरोबर न्यावे, त्यात कमीपणा नाही. भगिनींना आमची विनंती एवढीच, की घरच्या माणसाच्या उशाशी अशी बाटली दिसली तर रागावू नका, पण गप्पही बसू नका.