थर्मोस्टॅट काढू नका, बदला

प्रश्न : माझी जुनी पेट्रोल गाडी घाटात तापते. मेकॅनिक म्हणतो, थर्मोस्टॅट काढूनच टाका. तो घरी बदलता येईल का?

उत्तर : येईल, पण काढून टाकू नका. थर्मोस्टॅट नसेल तर इंजिन गरम व्हायला फार वेळ लागतो, पेट्रोल जास्त जळते आणि झीजही वाढते. आधी कूलंटची पातळी, गळती आणि रेडिएटरचा पंखा तपासा. दोष तिथेही असू शकतो.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच रेडिएटरचे झाकण उघडा. थोडे कूलंट काढून घ्या. बहुतेक जुन्या गाड्यांत रेडिएटरचा वरचा पाइप इंजिनला जिथे जोडलेला असतो, तिथल्या कव्हरखाली थर्मोस्टॅट बसतो. तो पातेल्यातल्या पाण्यात दोऱ्याने टांगून पाणी तापवा. साधारण ८२ ते ९० अंश सेल्सिअसला आतले मेण फुगून झडप उघडायला लागते. पाणी खळखळून उकळले तरी झडप बंदच राहिली, तर तो बाद समजा.

नवा थर्मोस्टॅट त्याच तापमानाचा घ्या. स्प्रिंग इंजिनच्या बाजूला आणि हवेचे बारीक छिद्र वर ठेवा. जुने गॅस्केट खरवडून नवे बसवा. बोल्ट आळीपाळीने, बेताने आवळा. कूलंट भरून इंजिन चालू ठेवा, हवेचे बुडबुडे थांबेपर्यंत पातळी भरत राहा.

सांडलेले कूलंट लगेच पुसा. चवीला गोड असले तरी ते विषारी असते. मुलांना आणि कुत्र्या-मांजरांना त्यापासून लांब ठेवा.