आधी विज्ञान, मग फॉरेन्सिक

नागपूर, १८ जून

चि. सायलीस,


काल रात्री दादाचा फोन आला होता. नीटसाठी आणखी एक वर्ष द्यायचं नाही, फॉरेन्सिकलाच जायचं, असं तू घरात सांगून टाकलंस म्हणे. "तूच समजाव तिला," असं तो म्हणाला. समजाव म्हणजे अडव, असा त्याचा अर्थ असेल तर ते माझ्याकडून व्हायचं नाही. राज्याच्या प्रयोगशाळेत, विषशास्त्र विभागात माझी उमेद गेली आणि त्या कामाचा मला आजही अभिमान आहे. माझ्याच भाचीला त्यापासून मी कशाला परावृत्त करू? पण ज्या वाटेने जायचं ती नीट पाहून घे, एवढं सांगायचा माझा अधिकार आहे. ते फोनवर मावणारं नाही, म्हणून हे पत्र.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनाशी पक्की कर. आमच्या प्रयोगशाळेत 'फॉरेन्सिक' नावाचं वेगळं टेबल नसतं. विषशास्त्र असतं, जीवशास्त्र आणि रक्तजलशास्त्र असतं, डीएनए असतं, भौतिकशास्त्र, शस्त्रास्त्रं, दारूबंदीचे नमुने, सायबर आणि आवाजाची ओळख असते. प्रत्येक ठिकाणी बसलेला माणूस आधी रसायनाचा, जीवशास्त्राचा, भौतिकीचा किंवा संगणकाचा असतो आणि आपला विषय तो कोर्टाच्या कामी लावतो. मूळ विषय कच्चा असेल तर वरच्या पदवीचा उपयोग नाही.

या क्षेत्राला ज्यांनी वळण दिलं त्यांच्याकडे पाहा. १८९७ साली कोलकात्यात बोटांच्या ठशांचं पहिलं कार्यालय सुरू झालं. हजारो ठशांमधून हवा तो शोधायचा कसा, हा तेव्हाचा प्रश्न होता. तो सोडवण्यात अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय अधिकाऱ्यांचा मोठा वाटा होता. हक यांचं गणित उत्तम होतं. ठशांच्या प्रकारांवरून १०२४ कप्प्यांत वर्गवारी करण्याचं सूत्र त्यांनी बसवलं. पुढे ती पद्धत जगभर गेली ती एडवर्ड हेन्री या त्यांच्या साहेबाच्या नावाने. पुढचं उदाहरण १९८४ सालचं. इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठात अ‍ॅलेक जेफ्रीज डीएनएवरून माणूस ओळखण्याच्या पद्धतीपर्यंत पोहोचले, ते आनुवंशिकीचा अभ्यास करता करता. त्याच परिसरात दोन शाळकरी मुलींचे खून झाले होते आणि एका सतरा वर्षांच्या मुलाने त्यांतल्या एकाची कबुलीही दिली होती. जेफ्रीज यांच्या चाचणीत दिसलं की दोन्ही गुन्हे एकाच माणसाचे आहेत आणि तो माणूस हा मुलगा नव्हे. मुलगा सुटला. खरा गुन्हेगार कॉलिन पिचफोर्क याला १९८८ साली शिक्षा झाली. गुन्ह्याच्या तपासातलं डीएनएचं हे पहिलं मोठं काम एका निरपराध मुलाला सोडवण्याचं होतं, हे कधी विसरू नकोस.

आता टेबलावरचं काम कसं चालतं ते सांगते, म्हणजे मी मूळ विषयावर इतकी का अडून बसले आहे ते तुला कळेल. पोलीस ठाण्याकडून मुद्देमाल येतो. पार्सल उघडायच्या आधी सील पाहायचं. ते अखंड आहे का, पत्रासोबत आलेल्या नमुना सीलशी जुळतं का? मग पत्रातलं वर्णन आणि आतली वस्तू ताडून पाहायची. पत्रात निळा शर्ट असेल आणि आत हिरवा निघाला, तर तसं लिहायचं, मनाने सुधारायचं नाही. कपडा कसा बांधून आला तेही नोंदवायचं. रक्ताने ओला कपडा प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबला तर बुरशी धरते आणि डीएनए खराब होतो. तो सावलीत वाळवून कागदात बांधलेला असावा लागतो.

समज, त्या शर्टावर तपकिरी डाग आहे. फिल्टर पेपर त्यावर हलकेच घासायचा. कागदावर अल्कोहोलचा थेंब, मग फिनॉल्फ्थॅलीनच्या रंगहीन केलेल्या द्रावणाचा थेंब. इथे क्षणभर थांबायचं आणि मग हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब सोडायचा. काही सेकंदांत गडद गुलाबी रंग येतो. नवखं माणूस लगेच 'रक्त आढळले' असं लिहून मोकळं होईल. पण पेरॉक्साइड टाकण्याआधीच रंग आला असता, तर तो डागातल्या दुसऱ्याच एखाद्या ऑक्सिडीकारक पदार्थामुळे आला असता. थांबायचं ते यासाठी. आणि नंतर आलेला गुलाबी रंगही बटाट्यासारख्या भाजीतल्या पेरॉक्सिडेझमुळे येऊ शकतो. म्हणजे ही चाचणी फक्त 'रक्त असू शकेल' एवढंच सांगते. रक्तच आहे का, याची चाचणी वेगळी. माणसाचं की जनावराचं, याची वेगळी. कोणाचं, हे डीएनएवर. प्रत्येक पायरीला एकाच प्रश्नाचं उत्तर मिळतं आणि अहवालात तेवढंच लिहायचं असतं. रंग का येतो हे ज्याला माहीत आहे त्यालाच तो कधी फसवतो हे कळतं, आणि ते बीएस्सीच्या रसायनशास्त्रात शिकायला मिळतं.

आता शिक्षणाच्या वाटा. तुझ्यापुढे दोन सरळ मार्ग आहेत. पहिला म्हणजे रसायनशास्त्र, जीवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा भौतिकशास्त्र घेऊन चांगल्या महाविद्यालयातून बीएस्सी करायची आणि मग एमएस्सीला विश्लेषणात्मक रसायन, जैवतंत्रज्ञान किंवा फॉरेन्सिक घ्यायचं. दुसरा म्हणजे बारावीनंतर थेट फॉरेन्सिकची बीएस्सी. आपल्या राज्यात मुंबई, छत्रपती संभाजीनगर आणि इथे नागपूरला शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. गांधीनगरचं गुजरातचं फॉरेन्सिक विद्यापीठ २०२० च्या कायद्याने राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठ झालं. त्याची स्वतःची प्रवेश परीक्षा असते आणि गोव्यात फोंड्याला त्याचं संकुल आहे. माझं मत विचारशील तर पहिला मार्ग धर. दुसऱ्याच मार्गाने जायचं ठरवलंस, तर एमएस्सीला एक मूळ शाखा निवडून तिच्यात खोल जा. गल्लोगल्ली निघालेल्या 'सर्टिफिकेट कोर्स'ना मात्र भुलू नकोस. प्रवेश घेण्याआधी तिथली प्रयोगशाळा स्वतः जाऊन पाहा. गॅस क्रोमॅटोग्राफ चालू आहे की त्यावर धूळ बसली आहे, विद्यार्थी स्वतः हाताने नमुना सोडतात की फक्त शिक्षक दाखवतात, हे विचार. पदवी विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्यता दिलेल्या विद्यापीठाचीच असली पाहिजे.

एक गैरसमज आत्ताच दूर करते. 'सीआयडी' मालिकेतले डॉ. साळुंखे एकाच खोलीत मृतदेहही तपासतात आणि रक्तही. प्रत्यक्षात शवविच्छेदन रुग्णालयात डॉक्टर करतात आणि आमच्याकडे येतो तो मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवलेला व्हिसेरा, म्हणजे मृताच्या आतल्या अवयवांचे भाग. तुला शवविच्छेदनच करायचं असेल, तर एमबीबीएसवाचून दुसरी वाट नाही, त्यातली तज्ज्ञ व्हायचं तर पुढे न्यायवैद्यकशास्त्रात एमडी, आणि त्या वाटेचं दार नीटनेच उघडतं. तेव्हा नीट सोडण्याआधी स्वतःला एकदा खरं खरं विचार. बोटांचे ठसे हेही आमच्या प्रयोगशाळेकडे नसतात, ते राज्य सीआयडीच्या अंगुली मुद्रा केंद्राचं काम. आणि तुझा ओढा संगणकाकडे असेल, तर संगणकशास्त्राची पदवी घेऊन सायबर फॉरेन्सिककडे ये. तिथे जप्त मोबाइल उघडून बघत बसत नाहीत. आधी त्यातल्या माहितीची हुबेहूब प्रत काढतात, हॅश, म्हणजे त्या माहितीची गणिती खूण, काढून ठेवतात आणि प्रतीवरच काम करतात, म्हणजे मूळ वस्तूला हात लागला नाही हे कोर्टात दाखवता येतं.

नोकरीचं म्हणशील तर गरज वाढते आहे, हे नक्की. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम १७६ मध्ये अशी तरतूद आहे की सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे. म्हणजे तू एमएस्सी होऊन बाहेर पडशील तेव्हा हा नियम सगळीकडे लागू झालेला असेल. राज्याच्या प्रयोगशाळांचं मुख्यालय मुंबईत कलिनाला आहे, विभागीय प्रयोगशाळाही आहेत, पुण्याला केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे. शिकवायचं असेल तर यूजीसी नेटमध्ये फॉरेन्सिक हा विषय आहे. पण सरकारी भरती आपल्या सोयीने निघत नाही. जागा रिकाम्या असूनही मुलं वाट पाहत राहतात, कंत्राटावर राबतात. म्हणून आतापासूनच जुन्या जाहिराती काढून शैक्षणिक अर्हतेचा रकाना वाचत जा. कोणत्या पदाला कोणता विषय मागतात ते बघ आणि त्यावर तुझे विषय ठरव. रसायनशास्त्राची एमएस्सी हातात असेल तर भरती निघेपर्यंत औषध कंपनीच्या गुणवत्ता तपासणीत किंवा अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत तुला काम मिळेल आणि तेच यंत्र, तीच शिस्त तिथे शिकशील. दादाच्या काळजीला हे माझं उत्तर आहे, त्याला वाचून दाखव.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. अमेरिकेत बॉस्टनला एका सरकारी प्रयोगशाळेत अ‍ॅनी डुकन नावाची रसायनतज्ज्ञ होती. अमली पदार्थांचे नमुने ती इतरांच्या कितीतरी पट वेगाने हातावेगळे करायची आणि तिची वाहवा व्हायची. २०१२ साली उघड झालं की अनेक नमुने तिने तपासलेच नव्हते. नुसते पाहून अहवाल लिहिले होते. रसायनशास्त्रात एमएस्सी असल्याचं ती सांगायची, तेही खोटं होतं. तिला तुरुंगवास झाला आणि २०१७ मध्ये तिच्या अहवालांवर उभे असलेले २१ हजारांहून अधिक खटले रद्द करावे लागले. त्यांत निरपराध किती आणि गुन्हेगार किती, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. एका टेबलावरच्या घाईने एवढं होतं.

आपल्याकडेही मुद्देमालाचे ढीग असतात. तपास अधिकाऱ्याचे फोन येतील, "मॅडम, दोषारोपपत्राची मुदत संपतेय, सीए (रासायनिक विश्लेषक) रिपोर्ट कधी मिळेल?" त्याची अडचण खरी असते आणि त्याच्याशी नीटच बोलावं. पण आरोपी कोण आहे, पोलिसांना कशाची खात्री आहे, हे तुझ्या टेबलावर येऊ द्यायचं नाही. तू पोलिसांची नाहीस, फिर्यादीची नाहीस, आरोपीचीही नाहीस. जे यंत्राने दाखवलं आणि जे तुला समजलं, तेवढंच तुझं. 'विष आढळले नाही' असा अहवाल गेला की कोणी नाराज होतं, कधी कोणाची आई रडत दाराशी येते. मन घट्ट करावं लागतं, कोरडं होऊ द्यायचं नसतं. लहान मुलांच्या प्रकरणातले कपडे हातात आले की घरी जाऊन जेवण जात नाही, हेही आत्ताच सांगून ठेवते. अशा वेळी विभागातल्या ज्येष्ठांशी बोल, एकटी कुढू नकोस.

आणि कधीतरी समन्स येईल. साक्षीच्या पिंजऱ्यात बचाव पक्षाचा वकील विचारेल, "ही चाचणी चुकू शकते, हे खरं ना?" खरं असेल तर "हो" म्हण, आणि ती कधी चुकते, ते टाळायला तू काय केलंस, हेही शांतपणे सांग. ज्या तज्ज्ञाला आपल्या चाचणीची मर्यादा सांगता येते, त्याच्या शब्दाला न्यायाधीश वजन देतात. त्यासाठी आजपासून एक सवय लाव. प्रॅक्टिकलच्या वहीत जे दिसलं तेच, दिसलं त्याच वेळी, शाईच्या पेनाने लिही. आकडा चुकला तर एक रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिही, खोडरबर वापरू नकोस. उत्तर पुस्तकाशी जुळलं नाही तर शेजारणीचं बघून जुळवू नकोस. प्रयोग पुन्हा कर.

इंग्रजी सुधार, कारण अहवाल आणि उलटतपासणी दोन्ही त्यात होऊ शकतात. पण मराठीतही स्वच्छ लिहायला शीक. पंचनामा मराठीत असतो आणि तालुक्याच्या कोर्टात तुझं म्हणणं साध्या शब्दांत सांगावं लागेल.

पुढच्या महिन्यात प्रवेशाच्या याद्या लागतील. त्याआधी चार दिवस माझ्याकडे ये. इथल्या संस्थेत आणि एक-दोन महाविद्यालयांत आपण दोघी जाऊन येऊ, शिकवणाऱ्यांशी बोलू, मग ठरव. वहिनीला नमस्कार सांग. फॉरेन्सिकला जरूर जा, सायली, पण रसायनशास्त्र पक्कं करून जा. तुझ्या एका सहीवर कोणाचं तरी आयुष्य ठरणार आहे, तेव्हा ती सही करायला लायक हो.

तुझी,
आत्या